दुभाषी आउस्मा

"मी तिचे केस धरले आणि डोकं सिंकवर आपटलं. ती खाली पडली. माझ्या पायात बूट होते. तशीच पोटात लाथ घातली."

आउस्माच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली वाक्यं. न्यू जर्सीतल्या एका काउंटी कोर्टात, दोन हजार एक सालच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला. साठी उलटलेली, उंच, रुंद हाडाची बाई. पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगावर राखाडी लोकरीचं जाकीट. आवाज असा की बसचं वेळापत्रक वाचून दाखवतेय. तिच्या शेजारचा तिशीतला माणूस खाली मान घालून रशियनमध्ये बोलायचा, थांबायचा, आणि मग ती तेच इंग्रजीत 'मी' म्हणून बोलायची. मागच्या बाकावर नवशिकी म्हणून बसलेल्या मला वाटत होतं, ही बाईच कोणाला तरी मारून आली आहे.

मी मूळची सांगलीची. तिथं कॉलेजात मराठी शिकवायचे. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे पार्सिपनीला आले, व्हिसामुळं काही वर्षं घरी बसले, आणि ग्रीन कार्ड झाल्यावर पहिलं हाती लागलेलं काम हे होतं, मराठी-हिंदीच्या दुभाषीचं. माझी कल्पना अशी की ट्रॅफिकचे दंड, भाड्याची भांडणं, फार तर घटस्फोट.

सुनावणी संपली तशी ती बाई तरातरा बाहेर गेली, बायकांच्या रेस्टरूममध्ये शिरली आणि नळाखाली वाकून खळखळून चुळा भरू लागली. मी शेजारच्या बेसिनशी उभी होते. आरशातून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "नवीन?"

"हो."

"कुठली भाषा?"

"मराठी. आणि हिंदी."

"मराठी," तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "शिव्या बऱ्या आहेत का त्यात?"

मी नळ बंद केला.

"असतील तर आत्ताच इंग्रजीत करून ठेव. ऐन साक्षीत लाजलीस तर भोगावं दुसऱ्याला लागतं." मग तिनं पुन्हा एक चूळ भरली आणि पेपरनं ओठ पुसत म्हणाली, "दुसऱ्याचं तोंड होतं. घरी नेत नाही मी."

कोर्टातल्या दुभाष्याचा पहिला नियम हाच, की 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. खुनी म्हणाला तरी. शिवी आली तर शिवी, हुंदक्यात तुटलेलं वाक्य आलं तर तुटलेलंच. हे नियमांच्या पुस्तिकेत होतं, पण मला शिकवलं आउस्मानं. त्या इमारतीत ती रशियन आणि लाटव्हियन या दोन भाषांची दुभाषी होती. लाटव्हियन बोलणारं माणूस वर्षाकाठी एखादं यायचं, रशियनवाले मात्र रोज. त्यामुळं दिवसभर ती कोणाची तरी मान आवळत असायची, कोणाच्या तरी दुकानात पिस्तूल रोखत असायची, नाहीतर कोणाच्या तरी हातचा मार खात असायची. "सकाळी मी दोघांना बडवलं, दुपारी माझा दात पडला," असं ती जेवताना सांगायची. हसायची नाही.

जेवण म्हणजे घरी भाजलेला काळा, आंबूस, विटेसारखा घट्ट ब्रेड. तो कापायला तिच्याकडे लाकडी मुठीचा, मिटणारा चाकू होता. कोर्टाच्या दाराशी तपासणी असते, आणि त्या वर्षी तर ती फारच कडक झाली होती. रोज सकाळी ती चाकू काढून दारावरच्या पोलिसाच्या हातात द्यायची, दुपारी बाहेरच्या बाकावर जेवायला जाताना परत घ्यायची, पुन्हा द्यायची, पुन्हा घ्यायची. "घरी कापून का नाही आणत?" असं एका पोलिसानं विचारलं तर म्हणाली, "कापलेला ब्रेड वाळतो." बर्फ पडत असला तरी ती बाहेरच बसायची आणि ब्रेडचा कण खाली पडला तर उचलून तोंडात टाकायची.

ती कवयित्री आहे हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं, तेही एका वकिलाकडून. लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. तिथल्या रीगा शहरात तिचे चार संग्रह निघाले होते. त्यातल्या एकाच्या सगळ्या प्रती सोव्हिएत काळात छापखान्यातूनच उचलून लगदा करायला पाठवल्या. मग पंधराएक वर्षं तिचं स्वतःचं काही छापलं गेलं नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या कविता रशियनमधून लाटव्हियनमध्ये आणत राहिली. मुलगी लग्न करून अमेरिकेत आली, तिच्यामागे ही आली. मुलगी पुढं टेक्सासला गेली, ही इथंच राहिली. आउस्मा म्हणजे पहाट. म्हणजे आमची उषा, असं मी म्हटल्यावर तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "जवळ आहे," म्हणाली. "पण तुमची झोपेतून उठल्यासारखी वाटते. आमची थंडीत उभी आहे."

माझ्या पहिल्या मोठ्या केसच्या दिवशी तिची केस लांबली होती, म्हणून ती मागच्या बाकावर येऊन बसली. साक्षीदार होती आमच्या पार्सिपनीचीच एक मुलगी. इथं तिला मंजिरी म्हणते. मूळ पुण्याची, नवरा आयटीत. नवऱ्यानं तिला प्रेशर कुकरच्या झाकणानं मारलं होतं. भुवईपासून गालापर्यंत टाके होते, वरचे पुढचे दोन दात गेले होते. त्याला घरापासून लांब ठेवावं असा आदेश तिला हवा होता.

नवऱ्याचा वकील उभा राहिला. म्हणाला, "पोलिसांना तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, 'दे बीट मी'. त्यांनी मारलं. आज म्हणता, एकट्या नवऱ्यानं. मग बाकीचे कोण होते? की कोणीच नव्हतं, आणि तुम्ही पडलात?"

मंजिरी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी न्यायाधीशांची परवानगी मागितली आणि सांगितलं की मराठीत बायको नवऱ्याविषयी बोलताना आदरानं अनेकवचन वापरते. 'त्यांनी' म्हणजे एकच माणूस. तिनं पोलिसांना तेच इंग्रजीत शब्दशः सांगितलं असणार.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे हे सांगतानाही ती त्याला मान देत होती?"

"हो, युअर ऑनर."

तेवढ्यात मंजिरी माझ्याकडे वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही आपल्याच ना? मग जरा सांभाळून सांगा ना. ह्यांचा जॉब जाईल. व्हिसा त्यांच्यावरच आहे आमचा."

साक्षीदाराच्या खुर्चीत जे बोललं जातं ते सगळं इंग्रजीत सांगायचं असतं. मी मागच्या बाकाकडे बघितलं. आउस्मा माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. मी सांगितलं. काकू, आपल्याच ना, सांभाळून, जॉब, व्हिसा, सगळं. मंजिरीला इंग्रजी समजत होतं. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही.

तिला आदेश मिळाला. पुढं एकदा ती मला इंडियन ग्रोसरीत दिसली, आणि मला बघून कढीपत्त्याची जुडी तशीच ठेवून दुसऱ्या रांगेत गेली.

त्या दिवशी रेस्टरूममध्ये चुळा मी भरत होते. आउस्मा आली, माझ्या हातावर ब्रेडचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "ते अनेकवचन. कोणाकोणाला मिळतं?"

"नवऱ्याला. सासऱ्यांना. वडीलधाऱ्यांना, साहेबाला."

"बायकोला?"

"सहसा नाही."

"मला?"

"माझ्या मनात तुम्हाला अनेकवचनच आहे," मी म्हटलं.

"काढून टाक. कोणाला ते मिळतं हे या इमारतीत रोज बघते मी."

म्हणून इथंही मी तिला 'ती'च लिहिलं आहे. मग तिनं विचारलं, मंजिरी सारखी जे क्रियापद वापरत होती ते कुठलं. मी सांगितलं, 'मारणं'. म्हणजे हाणणं, आणि म्हणजे जीव घेणंही. कुठलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आमच्याकडे आईसुद्धा पोराला 'मारीन हं' म्हणते. तिनं नळाखाली हात धुतले. मग म्हणाली, "रशियनमध्ये 'बित्' म्हणजे हाणणं. 'उबित्' म्हणजे ठार मारणं. पुढं एक अक्षर लागलं की माणूस मेला."

एका रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. कपडे धुण्याच्या लाँड्रोमॅटवर तिची एका खोलीची जागा होती. खालची मशीनं फिरली की तिचे कप थरथरायचे. मी गेले तेव्हा ती बाथरूममध्ये होती आणि बाथटबमध्ये एक भलामोठा जिवंत मासा फिरत होता. "ये," ती म्हणाली, "दार लाव." बाह्या सरसावून तिनं मासा दोन्ही हातांनी उचलला, फळीवर दाबून धरला आणि लाकडी हातोड्याचा एकच घाव डोक्यावर घातला. मासा थरथरला आणि निपचित पडला. मी कोकणातल्या आजोळी मासे पाहिलेत, पण ते मेलेले. मी भिंतीला टेकले.

"दोन घाव घालावे लागले तर ते वाईट," ती पोट चिरत म्हणाली. आणि मग, हात तसेच रक्तात असताना, तिनं आईची गोष्ट सांगितली.

दुसरं महायुद्ध संपून चारेक वर्षं झाली होती. ती दहा वर्षांची. सोव्हिएत सैनिक पहाटे आले. बाप मागच्या दारानं पळाला, त्याला विहिरीपाशी गोळी घातली. आईला आणि हिला गुरांच्या डब्यात कोंबून सायबेरियात नेलं, लाकूडतोडीच्या वस्तीवर. आईला रशियन कधी आलं नाही. पोरगी चटकन शिकली, म्हणून आईची दुभाषी झाली. एका हिवाळ्यात आईच्या पायाला गळू झालं होतं, तरी मुकादम तिला जंगलात हाकलत होता. आई लाटव्हियनमध्ये म्हणाली, "त्याला सांग, तुझ्या आईनं तुला जन्मतः लांडग्यांना घातलं असतं तर लांडगेही थुंकले असते."

"मी आईकडे बघितलं," आउस्मा म्हणाली. "डोळ्यांनीच विचारलं, खरंच सांगू? आई म्हणाली, सांग. सगळं सांग. मी सांगितलं."

मुकादमाच्या हातात घोड्याचा लगाम होता. त्यानं आईला त्याच्या कडीनं तोंडावर मारलं. ती पडल्यावरही मारत राहिला. पोरगी मध्ये गेली तर तिच्या पाठीवरही लगाम बसला. नंतर बराकीत आई पडून होती, ओठ फाटलेला, एक डोळा बंद. तिनं पोरीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "सगळं सांगितलंस ना? लांडग्यांचं पण?"

"लांडग्यांचं पण."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि झोपली ती उठलीच नाही.

आउस्मानं माशाची आतडी कागदात गुंडाळली. "पुष्कळ लोक मला सांगतात, तू लहान होतीस, थोडं मऊ करून सांगायचंस, आई वाचली असती. माझी मुलगीही सांगते. पण आईनं मला मऊ करायला सांगितलं नव्हतं. तिच्याकडे तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. तेवढं एक वाक्य होतं."

तिच्या भाषेत चार-चार ओळींची लोकगीतं आहेत, बायकांची, आपल्या ओव्यांसारखी. तिच्या स्वतःच्या कविताही त्याच घाटाच्या. जेवण झाल्यावर मी फार मागे लागले तेव्हा तिनं बापावरची एक इंग्रजीत सांगितली. मी ती घरी येऊन मराठीत केली, जमली तशी:

बर्फाखाली गवत आहे,
गवताखाली माझा बाप.
बर्फ वितळला की विचारतो,
कोणी मारलं, नाव सांग.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत ते घडलं. गेना नावाचा एक माणूस होता, घरांची छपरं घालायचा, पहाडासारखा. बायकोला मारल्याची केस होती. बायको रशियन बोलणारी, पण साक्ष द्यायला उभी राहिली तिची आधीच्या लग्नाची चौदा वर्षांची मुलगी, कात्या. ती इथंच वाढलेली, इंग्रजीत बोलत होती. गेनाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आउस्मा त्याच्या कानाशी बसून प्रत्येक वाक्य रशियनमध्ये सांगत होती. अर्थात 'मी' म्हणून.

कात्या सांगत होती, यानं आईचा हात गाडीच्या दारात धरला आणि दार लावलं. आई किंचाळली तसं उघडलं आणि पुन्हा लावलं. मी मध्ये आले तर मला केसांनी धरून बर्फातून ओढत नेलं. मला तो मेलेला हवाय. हे सगळं गेनानं ऐकलं ते आउस्माच्या आवाजात, त्या सपाट, न थरथरणाऱ्या आवाजात, कानापासून वीतभर अंतरावरून. तो मुलीकडे बघतच नव्हता. आउस्माकडे बघत होता.

त्याला घरी जायला बंदी झाली आणि जामिनावर सोडलं. मी आउस्माला नेहमी माझ्या गाडीतून बस स्टॉपपर्यंत सोडायचे. त्या दुपारी मी पुढं जाऊन गाडी तापवत होते. ती दारावरून चाकू घेऊन पार्किंग लॉटमधून येत होती. दोन गाड्यांच्या मधून गेना आला. पहिला ठोसा जबड्यावर बसला. ती आडवी झाली. मग तो बुटांनी मारायला लागला, तोंडावर, कानावर, बरगड्यांवर. मारताना एकच काहीतरी ओरडत होता, पुन्हा पुन्हा. मला रशियन येत नाही, पण तो आवाज कानात बसला, प्रिब्यू, प्रिब्यू. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि धावले. कोर्टाचे पोलिस माझ्या आधी पोचले. तिघांनी त्याला ओढलं. खाली बर्फ लाल झाला होता आणि आउस्मा एका कुशीवर पडून तोंडातलं रक्त हातावर घेऊन बघत होती.

जबडा दोन ठिकाणी मोडला. डावा कान कायमचा गेला. दीड महिना तिचे दात तारांनी बांधलेले होते, स्ट्रॉनं सूप प्यायची. बोलणं बंद. मी भेटायला गेले की पाटीवर लिहायची. पोलिस जबाब घ्यायला आले तेव्हा मी तिथं होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या खिशात चाकू होता. काढला का नाही?"

तिनं लिहिलं, "तो ब्रेडचा आहे."

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. मारहाण तर उघडच होती. सरकारी वकिलानं त्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलमही लावलं होतं. ते सिद्ध झालं असतं तर गेना म्हातारा होऊनच बाहेर आला असता. सगळं येऊन थांबलं ते त्याच्या मनात काय होतं यावर. आउस्मानं साक्ष दिली, मीही दिली. मग ती प्रेक्षकांच्या बाकावर माझ्या शेजारी, उजवा कान पुढं करून बसली. दुसऱ्या काउंटीतून एक तरुण दुभाषी आणला होता.

गेना साक्षीला बसला. सरकारी वकिलानं विचारलं, "मारताना तुम्ही काय ओरडत होता?"

गेनानं सांगितलं. तरुण दुभाषी म्हणाला, "मी तुला ठार मारीन."

ज्यूरीतल्या एका बाईनं डोळे मिटले. आणि माझ्या शेजारी आउस्मा उभी राहिली. जबडा अजून एका बाजूला ओढला जायचा, शब्द घासून यायचे. "युअर ऑनर, भाषांतरात चूक आहे."

न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही दुभाषी नाही. खाली बसा."

"तो 'प्रिब्यू' म्हणाला. त्यात दोन्ही येतं. झोडपून काढीन असंही, आणि जीव घेईन असंही. आया पोरांना म्हणतात. दोन्ही सांगायला हवं. दुभाष्यानं एकच सांगितलं."

"खाली बसा, नाहीतर बाहेर काढावं लागेल."

ती बसली नाही. पोलिसानं तिच्या दंडाला धरलं तेव्हाही ती न्यायाधीशांकडेच बघत होती. शेवटी त्यांनी ज्यूरीला बाहेर पाठवलं, फोनवर दुसऱ्या एका दुभाष्याला घेतलं, त्यानंही आउस्माचंच बरोबर सांगितलं. ज्यूरीला बोलावून दुरुस्ती ऐकवली. दोन दिवसांनी निकाल आला. गंभीर मारहाण सिद्ध, खुनाचा प्रयत्न नाही. पाच वर्षं.

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. सरकारी वकील कॉरिडॉरमध्ये तिला म्हणाला, "तुमचा जबडा ज्यानं मोडला त्याची अर्धी शिक्षा तुम्हीच वाचवलीत."

"जे तो बोलला नाही त्याची शिक्षा कशाला," ती म्हणाली. "जे केलं ते काय थोडं आहे?"

वकील निघून गेला. आणि मग कात्या आली. सोबत आई होती, तिची वाकडी झालेली बोटं कोटाच्या बाहीत लपवलेली. कात्या आउस्मासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "पाच वर्षांनी तो सुटेल. तेव्हा तो तुमच्याकडे नाही येणार. आमच्याकडे येईल."

आउस्मा नेहमी उत्तर द्यायची. न्यायाधीशाला द्यायची, मुलीला द्यायची, मला तर द्यायचीच. त्या दिवशी ती गप्प उभी राहिली. आई रशियनमध्ये काहीतरी बोलली, जमिनीवर थुंकली आणि पोरीला घेऊन गेली. गाडीत मी विचारलं, आई काय म्हणाली. तिनं जसंच्या तसं सांगितलं, "म्हातारे, तुला मूल असतं आणि ते असं ओढलं गेलं असतं, तर मग बघितलं असतं तुझं व्याकरण."

"तू काहीच का नाही बोललीस?"

"पोरीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहे, आणि मार तिलाच बसणार."

त्यानंतर कोर्टातलं तिचं काम कमी झालं. एक कान गेल्यावर कानाशी कुजबुजण्याचं काम कसं करणार? घरी बसून ती लोकगीतं इंग्रजीत करायची. एकदा मला दाखवायला म्हणून तिनं पंचवीस ओळी वाचल्या आणि सगळ्या खोडल्या, कारण त्यातली मुलगी इंग्रजीत 'जरा जास्तच चांगली' झाली होती. कात्या आणि तिची आई दुसऱ्या राज्यात निघून गेल्या. कुठं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

दोन हजार आठच्या जानेवारीत आउस्माचा फोन आला. "मला एके ठिकाणी सोड. बस जात नाही तिथं." मी पत्ता विचारला तर हायवेलगतचं एक टायरचं दुकान निघालं. तिथं पोचल्यावर कळलं. खटल्याआधीची कैद शिक्षेत धरल्यामुळं गेना लवकर सुटला होता आणि तिथं कामाला लागला होता.

"तू वेडी आहेस का?" मी म्हटलं.

"गाडी चालू ठेव," ती म्हणाली आणि उतरली.

दुकानाचं शटर उघडं होतं. आत गेना एका ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसला होता. दाढी पांढरी झालेली, अंगानं निम्मा. ती त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभी राहिली. तो उठला. हातात लोखंडी पान्हा होता. मी फोनवर पोलिसांचा नंबर लावून बोट बटणावर ठेवलं आणि दार उघडलं. ती बोलत होती. तो ऐकत होता. तिनं मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आणखी काही विचारलं. पान्हा धरलेला हात वर आला. मी ओरडणार होते. त्यानं पान्हा ट्रकच्या बॉनेटवर ठेवला, फडक्याला हात पुसले आणि थोडंसं बोलला.

ती परत येऊन बसली. सीटबेल्ट तिला लावता येईना, मला लावावा लागला.

"काय म्हणाला?"

"थंडीत जबडा दुखतो का, विचारलं. मी म्हटलं, दुखतो."

"आणि तू काय विचारलंस?"

"त्यांना शोधतोयस का. नाही म्हणाला. मी सांगितलं, मी पुन्हा येऊन हेच विचारणार. दर आठवड्याला येणार. तू इथं दिसला नाहीस तर ती बातमी पोलिसांना माझ्याकडून कळेल."

"तो खरं बोलत असेल?"

"ते मला कळत नाही," ती म्हणाली. "मी फक्त काय म्हणाला ते सांगू शकते."

मला वाटलं, एकदोनदा जाईल आणि थकेल. त्या वर्षी ती सत्तरीला टेकली होती. माझ्या नवऱ्याची पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला बदली ठरली होती, घरात खोकी बांधायचं चाललं होतं, आणि तिला सोडायला जायला मला जमेना. तीही पुन्हा म्हणाली नाही. त्या मायलेकींना गेनानं पुढं कधी गाठलं नाही, एवढं मला त्या कोर्टातल्या जुन्या ओळखीतून समजलं. ते कशामुळं, हे सांगणारं कोणी नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी धाकट्या मुलीला डान्स क्लासला नेत होते. मार्चचा शेवट होता, पण ओला बर्फ पडत होता. हायवेवरच्या त्या सिग्नलला लाल दिवा लागला आणि मी थांबले. टायरच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अलीकडे, जिथं फुटपाथसुद्धा नाही अशा जागी आउस्मा उभी होती. कुठल्या तरी लांबच्या स्टॉपवर उतरून चालत आली असणार, बूट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. तोंडाभोवती लोकरी मफलर गच्च गुंडाळलेला. पलीकडे शटरच्या आत निळ्या डांगरीतला एक माणूस वाकून काम करत होता. मी हॉर्न वाजवला. "हू इज दॅट, ममा?" मुलीनं विचारलं. मी काच खाली करून हाक मारली, पुन्हा मारली. तिनं वळून बघितलं नाही. पलीकडचा माणूस सरळ उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा चाकाशी वाकला. दिवा हिरवा झाला. मागची गाडी हॉर्न देऊ लागली, तेव्हा आउस्मा गाड्यांकडे न बघता, एक हात पुढं धरून, रस्ता ओलांडून त्याच्याकडे निघाली होती.